आठशे डॉलरचं कर्ज आणि न छापलेली नावं

यशस्वी माणसावरचा माहितीपट आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. एकाची जिद्द, एकाचं यश आणि भोवती वाहवा करणारे. आज आम्ही अशाच एका संगीत निर्मात्याबद्दल बोलणार आहोत, अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरचे बेरी गॉर्डी.

मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ साली रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाऊन म्हणून जगभर गाजली. २०१९ साली तिच्यावर ‘हिट्सव्हिल’ हा माहितीपट आला. गाणी झकास आहेत, पण गोष्ट सांगतात स्वतः गॉर्डी आणि त्यांचे जिवलग मित्र स्मोकी रॉबिन्सन. आपली आरती आपणच ओवाळायची म्हटल्यावर अडचणीचा प्रश्न विचारणार कोण?

आम्हाला रस आहे तो भांडवलात. ते ८०० डॉलर आले घरच्या बचतीतून. गॉर्डी कुटुंबात प्रत्येकाने महिन्याला १० डॉलर टाकायचे आणि कर्ज द्यायचं तर सगळ्यांची संमती हवी, असा नियम होता. थोरली बहीण एस्थर सहजी तयार होईना. फेडणार कसं, हे तिने विचारलं. शेवटी कागदावर सही घेऊनच पैसे दिले. (अशी एक आपल्याही गटात असते, आणि तिच्यावरच सगळ्या चिडतात!)

आता नावांचं बघा. स्टुडिओत रोज वाजवणाऱ्या वादकांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. गाणी त्यांनी वाजवली, पण कितीतरी वर्षं रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांची नावं नव्हती. ती छापली गेली १९७१ साली, मार्विन गे यांच्या एका रेकॉर्डवर. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि बरेच वादक मागे राहिले. त्यांच्यावर माहितीपट यायला २००२ साल उजाडलं. ‘अँडान्टीज’ या तीन गायिकांचंही तसंच. ‘लव्ह चाइल्ड’ या गाण्यावर नाव ‘सुप्रीम्स’चं, मागचे आवाज मात्र यांचे.

गॉर्डी कर्तबगार होतेच. नवख्या पोरापोरींकडून त्यांनी काम करून घेतलं, ते खोटं नाही. पण कर्ज देणारी बहीण, वादक, मागे गाणाऱ्या बाया यांना वगळलं की उरतो तो एकटा जादूगार.

एस्थर डेट्रॉईटमध्येच राहिली. जुन्या स्टुडिओचं घर तिने सांभाळलं आणि १९८५ साली तिथे संग्रहालय सुरू केलं.