साखळीचा धंदा : कायदेशीर कुणासाठी?

वस्तीतला पोरगा आईच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढून 'बिझनेस'मध्ये उतरतो, तेव्हा हा धंदा कायदेशीर आहे का, हे आम्हाला विचारावंच लागतं. सभासद जोडून झटपट पैसा देणाऱ्या योजनांवर संसदेने १९७८ मध्येच बंदी घातली. तरी साबण, गोळ्यांच्या आडून साखळ्या चालत राहिल्या. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेची योजनाही सकृतदर्शनी त्याच कायद्यात बसते, असं म्हटलं. २०२१ च्या नियमांनी थेट विक्रीला मान्यता दिली, पिरॅमिडला मनाई केली. गिऱ्हाईकाला माल विकणं हा व्यापारच, त्याला आमचा विरोध नाही. पण प्रत्येकाने सहा जण जोडायचे म्हटलं, तर अकराव्या पायरीला ३६ कोटी माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटींचा! उतरंड म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सेमिनार घेऊन शिकवायला नको. आणि पोरगा जोडतो ते पहिले सहा जण त्याचेच मामा, मावशी, आत्या असतात.