ग्रामोद्योग संघाचा वृत्तांत

ताडकळस हें पूर्णा तालुक्यांतील, काळ्या जमिनीच्या व कापसाच्या मुलुखांतलें गांव. सुतार, लोहार, कुंभार, तेली, चांभार ह्यांच्या हातांवर अशा गांवांचा संसार पूर्वापार चालत आला. गिरणीचा स्वस्त माल आठवड्याच्या बाजारांत येऊं लागला तेव्हां ह्या हातांस काम कसें राहावें, हा प्रश्न गांवोगांवीं उभा राहिला. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं जी संस्था वर्ध्यास निघाली, तिचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १९३४ च्या ऑक्टोबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेनें तसा ठराव केला व त्याच डिसेंबरांत महात्मा गांधींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष व जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा चिटणीस झाले. सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर व चंद्रशेखर रामन ह्यांसारखे थोर पुरुष होते. जमनालाल बजाज ह्यांनीं आपली बाग संघास दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी म्हणूं लागले.

कुमारप्पा हे १८९२ सालीं तंजावरास ख्रिस्ती कुळांत जन्मले. लंडनास हिशेबतपासणीचें व अमेरिकेंत अर्थशास्त्राचें शिक्षण घेऊन मुंबईंत चांगला जम बसला असतां त्यांनीं तो सोडला. शेजाऱ्याचें कल्याण ज्यांत नाहीं तो व्यवहार किफायतशीर नव्हे, ही त्यांची धारणा त्यांच्या धर्मश्रद्धेंतूनच आली होती. तुरुंगवासांत त्यांनीं येशूच्या शिकवणीवर एक व चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर एक असे दोन ग्रंथ लिहिले. ते १९४५ सालीं प्रसिद्ध झाले.

संघानें कारागिरास भिक्षा दिली नाहीं. त्याचीं अवजारें सुधारलीं. झवेरभाई पटेल ह्यांनीं तेलाच्या लाकडी घाणींत सुधारणा केली. हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन, ताडगूळ, साबण ह्यांचे प्रयोग झाले. घासलेटाचा पैसा गांवाबाहेर जातो म्हणून गांवच्याच तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला. संघाचें मासिक हातकागदावर छापलें जाई. ता. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें.

ह्या वेळीं आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. तो १९४८ च्या सप्टेंबरांत मुक्त झाला. पुढें संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला. १९५३ सालीं सरकारी मंडळ व १९५७ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोग निघाला. अनुदान आलें, दुकानें निघालीं; परंतु गिऱ्हाइकाचें मन कोणत्याही ठरावानें वळत नाहीं. संघाच्या सभासदांनीं प्रथम स्वतःच्या घरांत गांवचा माल वापरण्याचें व्रत घेतलें होतें. तें व्रत मागें पडलें व योजना तेवढी उरली, म्हणूनच पुष्कळ घाण्या थांबल्या असें आम्हांस वाटतें.

तथापि सर्वच संपलें असें नव्हे. शेजारच्या नांदेडास मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे राष्ट्रध्वजाचें कापड तयार होतें. तो मान आमच्या भागांतील हातांनींच मिळविला आहे. कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजीं निवर्तले. त्यांचें स्मरण करावयाचें तर पुढील बाजाराच्या दिवशीं एक मडकें गांवच्या कुंभाराकडून घ्यावें, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.