मांद्र्याचे भाऊ दाजी आणि राणीचा बाग

मुंबईचा राणीचा बाग सरकारने बांधून दिला, असा समज आम्हां गोमंतकीयांतही रूढ आहे. वस्तुतः १८५८ साली नाना शंकरशेट, डॉ. बर्डवुड आणि पेडण्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वर्गणीची हाक दिली, तेव्हा वनस्पतिउद्यान व वस्तुसंग्रहालय यांचा संकल्प उभा राहिला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी बाग खुला झाला. भाऊंना वनस्पती ही शोभेची वस्तू नव्हती. कडू कवठाच्या तेलाने ते महारोगावर उपचार करीत. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत वर्गणीदार बुडाले, भाऊही बुडाले. संग्रहालय रखडत रखडत १८७२ साली उघडले. बाग पुढील वर्षी म्युनिसिपालिटीकडे गेला.

आमच्या डिचोली-पाळीच्या बाजूस देवराईतील काटकीही तोडू नये, असा दंडक. कारण तेथील मालक देव. वर्गणीच्या बागेचा मालक कोण? कागदावर देणगीदाराचा हक्क उरत नाही, हे आम्ही वकील जाणतोच. तरीही चालू शतकात प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणापायी जुन्या वृक्षांवर गदा येईल असे भय उत्पन्न झाले, तेव्हा पुढे सरसावले ते सामान्य नागरिकच. त्यांनी तेथील उर्वशी व गोरखचिंच यांची बाजू मांडली. संग्रहालयास भाऊंचे नाव लाभले ते मात्र १९७५ साली.