कॅन्सरचं ‘टार्गेटेड’ औषध कसं बनतं, आणि प्रत्येक कॅन्सरवर का मिळत नाही?

केमोथेरपी वेगानं वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. त्यात कॅन्सरच्या पेशी येतात, तशाच केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत असलेल्याही. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तपेशी कमी होतात. टार्गेटेड औषध बनवताना आधी शोधायचं असतं, की कॅन्सरच्या पेशीत असं काय आहे जे निरोगी पेशीत नाही?

सर्वांत गाजलेलं उदाहरण इमॅटिनिब. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे एन्झाइम तयार होतं. ते कायम ‘ऑन’ राहतं. त्याच्या खाचेत एटीपी बसला की पेशीला वाढायचा निरोप जातो. औषधाचा रेणू नेमका त्या खाचेत अडकून बसतो.

पण अशा खाचा शरीरातल्या शेकडो एन्झाइमांत असतात. खरी कसोटी इथंच आहे. सुरुवातीचा रेणू प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्या एन्झाइमलाही अडवत होता. योग्य जागी एक मिथाइल गट जोडला आणि तो परिणाम गेला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस! २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. सूज, पेटके, मळमळ यातही होते, पण गोळी घरी घेता येते.

मग गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर अशी गोळी का नाही? त्यामागे बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं निरोगी पेशीत नसतातच, म्हणजे कागदावर आदर्श टार्गेट. अडचण अशी, की ती एन्झाइम नाहीत. रेणू घट्ट बसेल अशी सोयीची खाच त्यांच्यात मिळणं अवघड. त्यांना थेट बंद करणारं औषध अजून बाजारात नाही.

धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचा उस्मानाबाद) याच विषाणूला दुसऱ्या बाजूनं गाठलं गेलं. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले: एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तर चाचणी न दिलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. (त्या गटाला चाचणी दिली नाही, यावर पुढे टीका झाली. मला ती रास्त वाटते.) चाचणी एकदाच झाली होती. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढच्या तपासणीत कॅन्सरआधीचे बदल दिसले, तर तेवढाच भाग गोठवून नष्ट करता येतो.