जान किंवा जमीन : मुळशी आणि निपर

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यातले सुमारे १,२०० मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. टाटा पॉवर कंपनीला मुळा आणि नीला नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचं होतं. अडवलेलं पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला वळवायचं, कोकणात भिऱ्याला उतरवायचं, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला पुरवायची, असा बेत होता. त्यापायी पन्नासहून अधिक गावांवर आणि ११,००० च्या आसपास माणसांवर गदा येणार होती. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आणि त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं.

माझ्या पणजोबांचं गाव या धरणात गेलं. घरात त्या गावाची आठवण निघायची ती भातावरून. पाण्याखाली गेलेल्या खाचरांत आंबेमोहोर पिकायचा. नंतर वाट्याला आली ती डोंगरउताराची वरकस जमीन, नाचणी आणि वरईची. पुढे मी याच मुळशी तालुक्यात शाळेत इतिहास शिकवला आणि मुळशीचा सत्याग्रह पुस्तकात असो वा नसो, मुलांना सांगत राहिले.

या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केलं. पारनेरचे बापट इंग्लंडला शिकायला गेले होते. पॅरिसमध्ये झारशाहीविरुद्ध झुंजणाऱ्या रशियन क्रांतिकारकांच्या गोटातून त्यांनी बाँब बनवण्याची विद्या मिळवली होती. तोच माणूस मुळशीत येऊन शेतकऱ्यांबरोबर नि:शस्त्र बसला. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची प्रतिज्ञा होती. पहिल्या धडकेनंतर काम काही महिने थांबलं. डिसेंबरात ते पुन्हा सुरू झालं, मग अटका आणि शिक्षा सुरू झाल्या.

समोर एकटं इंग्रज सरकार असतं तर हा लढा सरळ झाला असता. कायदा इंग्रजांचाच होता, १८९४ चा भूसंपादनाचा, पण जमीन हवी होती ती देशी भांडवलाच्या कंपनीला. स्वदेशीच्या त्या काळात टाटांच्या उद्योगांचा पुष्कळांना अभिमान होता. मुंबईची चाकं परदेशी यंत्रांवर फिरत असली तरी वीज आपल्या माणसाची, ही भावना खरी होती. मुळशीच्या शेतकऱ्याला सांगण्यात आलं की हे राष्ट्राचं काम आहे, राष्ट्रासाठी थोडा त्याग कर.

त्यात आणखी एक गाठ होती. मुळशीतली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा कागदोपत्री त्यांचीच झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा मावळा नुसतं कूळ उरला होता. सावकाराला रोख नुकसानभरपाईत हित दिसत होतं. कसणाऱ्याला मात्र पैसे नकोत, तीच जमीन हवी होती. लढा रेंगाळला तसा पुण्याच्या पुढाऱ्यांतला मोठा गट भरपाईच्या तडजोडीकडे वळला. गांधीजींनी १९२१ साली ‘यंग इंडिया’त टाटांना आवाहन केलं होतं की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं. पण लढा राष्ट्रीय चळवळीच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

आणि हे सगळं कुठे चाललं होतं? मावळात. कोरीगड, घनगड, कैलासगड ज्या मुलखाभोवती उभे आहेत त्या मुलखात. सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांनी शिवकालाची आठवण जागवली ती भाषणाची शोभा म्हणून नव्हे. ज्यांच्या पूर्वजांच्या बळावर स्वराज्य उभं राहिलं, त्यांनाच नव्या स्वराज्याच्या नावाने उठवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी मला विचारलं, “बाई, रशिया आणि युक्रेनचा धर्म एक, भाषाही जवळची, मग भांडण कशावरून?” मला मुळशी आठवली आणि मी त्यांना युक्रेनमधल्या निपर नदीची गोष्ट सांगितली.

निपरच्या काठावर झापोरोझ्झियाचे कोसॅक हे लढवय्ये लोक राहत. आपल्याकडे शिवाजी महाराज स्वराज्याची जुळवाजुळव करत होते त्याच सुमारास, १६४८ साली, त्यांचा पुढारी बोहदान ख्मेल्नित्स्की याने पोलंडच्या सत्तेविरुद्ध उठाव केला. १६५४ साली त्याने मॉस्कोच्या झारशी करार केला. रशियन इतिहासाने त्याला दोन भावांचं मीलन म्हटलं. युक्रेनियनांनी त्याकडे गरजेपोटी केलेला तह म्हणून पाहिलं. १७७५ साली कॅथरीन राणीने कोसॅकांचं ठाणंच मोडून टाकलं. १८७६ च्या फर्मानाने युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापण्यावर बंदी आली. सोव्हिएत राजवटीत १९३२-३३ साली सक्तीने धान्य उचललं गेलं आणि लाखो शेतकरी भुकेने मेले.

पाण्याची कथा तर आपल्याच ओळखीची आहे. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. त्याच वर्षी निपरवर झापोरोझ्झियाजवळ प्रचंड जलविद्युत धरणाचं काम निघालं. ते १९३२ साली पुरं झालं आणि नदीतले खडकांवरून उसळणारे प्रसिद्ध प्रवाह बुडाले. पुढे पन्नासच्या दशकात काखोव्का धरण झालं आणि कोसॅकांची जुनी कुरणं, वेलिकी लूह नावाचा सारा सखल प्रदेश, पाण्याखाली गेला. तिथेही कारण तेच सांगितलं होतं : मोठ्या देशाची प्रगती. ६ जून २०२३ रोजी, रशियन सैन्याच्या ताब्यात असताना ते धरण फुटलं. खालची गावं बुडाली, माणसं मेली. रिकाम्या जलाशयाच्या तळावर पुढे विलोचं दाट रान उगवलं आणि धरण पुन्हा बांधावं की ती भूमी तशीच राहू द्यावी यावर युक्रेनमध्ये वाद सुरू झाला.

जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी लेख लिहून रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक असल्याचं मांडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे आत शिरले. तुम्ही आम्ही एकच, म्हणून तुमची जमीन वेगळी कशाला, असा तो युक्तिवाद. एकीचं हे निमंत्रण कायम ज्याचा हात वर आहे त्याच्याकडून येतं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असते.

दोन्हींतला फरक मी मुलांना बजावून सांगते. मुळशीत रणगाडे आले नाहीत, गावांवर बाँब पडले नाहीत, मावळ्याची भाषा कुणी बंद केली नाही. मुळशीच्या अन्यायाला युक्रेनच्या युद्धाच्या पंक्तीला बसवणं हा तिथे मेलेल्यांचा अपमान होईल. साम्य आहे ते एकाच ठिकाणी. जमीन कसणाऱ्याला न विचारता मोठ्या ‘आपण’च्या नावाने निर्णय झाला.

मुळशीचा शेवट जड आहे. १९२४ पर्यंत सत्याग्रह विझला. त्या वर्षाच्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ साली सुटले. तोवर धरण भरलं होतं. मुळेचं जे पाणी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते आजही भिऱ्याला वीज करून कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं.

आज माझ्या तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, लवासा आहे. जमीन विकून पोरकी झालेली पोरं २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. या वेळी जमीन कायद्याने घेतली असेल किंवा सौद्याने; पण सातबाऱ्यावरून नाव गेलं की गावातली पत जाते, आणि पुढच्या पिढीला आपण कोण हे सांगायला काही उरत नाही, हे मी वर्गात बसलेल्या पोरांच्या तोंडून ऐकलं आहे.

प्रगतीला माझा विरोध नाही. माझ्या घरातही वीज आहे. पण मुळशीच्या मावळ्याने मांडलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही उभा आहे. प्रकल्प धरणाचा असो, रस्त्याचा असो की विमानतळाचा, ज्याची जमीन जाणार त्याची संमती आधी घ्या, कागदावर नाव नसलेल्या कुळाचीही. आणि मुळशीचा सत्याग्रह महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत शिकवा. ज्यांनी राष्ट्र उभारलं त्यांना राष्ट्राच्या नावाने उठवलं गेलं, हे पुढच्या पिढीला कळलंच पाहिजे.