कोल्लिडमचा उल्लम

मराठी किनाऱ्यावर ज्याला पाला, बंगालमध्ये इलिश आणि तमिळ मुलखात उल्लम म्हणतात, तो मासा समुद्रात वाढतो आणि नदीला पूर आला की अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, ही ज्या इलाख्याची राजधानी होती, त्या इलाख्यातील कावेरी आणि गोदावरी या दोन्ही नद्यांत तो येत असे, आणि त्याच नद्यांवर एकोणिसाव्या शतकात सरकारी इंजिनियरांनी 'अनिकट' बांधले. हा शब्द तमिळ 'अणैकट्टु'वरून आला असून पाणी अडवून कालव्यांकडे वळवणाऱ्या बुटक्या बंधाऱ्याला तो लावतात. आर्थर कॉटन यांनी १८३६च्या सुमारास कावेरीच्या कोल्लिडम या फाट्यावर, तंजावरच्या भोसल्यांचे राज्य नावापुरते का होईना उरले असताना, आणि १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर धवळेश्वरम येथे असे बंधारे उभारले. त्यांमुळे भातशेती वाढली हे निर्विवाद आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या बंधाऱ्यांमुळे माशांची वाट अडून किनाऱ्यावरील मासेमारीचे नुकसान होत असावे, ही शंका १८६७ मध्ये लंडनच्या भारतमंत्र्यांपुढे मांडणारे गृहस्थ स्वतः कॉटनच होते. चौकशीचे काम मद्रास सैन्यातील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांच्याकडे आले. त्यांच्या १८७३ च्या अहवालात बंधाऱ्यांइतकाच बारीक आसाच्या जाळ्यांवर, म्हणजे पिल्लेही सुटू न देणाऱ्या जाळ्यांवर, भर आहे. सरकारने त्यातले सोपे तेवढे उचलले असे म्हणावे लागते, कारण १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी केली, पण बंधाऱ्यात वाट ठेवण्याची सक्ती कोणावरही केली नाही.

पुढे फ्रेडरिक निकोल्सन यांच्या पुढाकाराने मद्रासचे मत्स्यखाते उभे राहिले आणि त्याने दोन उपाय हाती घेतले. पहिला 'मत्स्यसोपान', म्हणजे मासा टप्प्याटप्प्याने चढेल अशी पाण्याची पायरी. ही कल्पना उड्या मारत धबधबा ओलांडणाऱ्या सामन माशावरून घेतलेली होती, आणि उल्लम काही उडी मारणारा मासा नव्हे, त्यामुळे ती येथे लागू पडली नाही. दुसरा उपाय कोल्लिडमवर कृत्रिम रीतीने अंडी फलित करून पिल्ले नदीत सोडण्याचा, एच. सी. विल्सन यांनी त्याचा वृत्तान्त १९०९ मध्ये दिला आणि बी. सुंदर राज यांनी १९१७ मध्ये उल्लमच्या सवयींसह त्यावर लिहिले. उपाय फसला, तरी मासा केव्हा येतो आणि कशाच्या आधाराने चढतो याची नोंद त्यातून वाढत गेली.

त्या नोंदींत पुराचे पाणी हे उल्लमचे खरे वाहन ठरते. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले, कावेरीचा पूर वरच अडू लागला, आणि कोल्लिडमचा उल्लम ओसरत गेला. गोदावरीत मात्र धवळेश्वरमच्या खाली तो अजूनही सापडतो. तेलुगू लोक त्याला 'पुलसा' म्हणतात आणि त्यासाठी भारी किंमत मोजतात.