‘...विनिर्दिष्ट करील अशी अन्य शस्त्रे’

मानेसर येथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा तळ आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील अनेकांना २६ नोव्हेंबर २००८ नंतरच ठाऊक झाली. त्या रात्री निघालेले कमांडो दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरले. अशा जवानांच्या खांद्यावरील स्वयंचलित बंदूक ही कायद्याच्या परिभाषेत ‘प्रतिबंधित शस्त्र’ होय. चाप दाबून धरला असता, दाब काढून घेईपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात ते शस्त्र, अशी तिची व्याख्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये आहे. शासनाच्या आदेशाने बाळगलेल्या शस्त्रांना कलम ४५ मुळे हा अधिनियम लागू होत नाही, म्हणून त्या जवानांना परवाना लागत नाही.

या व्याख्येला एक शेपूट आहे. तोफा, विमानविरोधी व रणगाडाविरोधी शस्त्रे इत्यादी सांगून झाल्यावर ती म्हणते की, केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे विनिर्दिष्ट करील अशी अन्य शस्त्रेही यात येतील. मसुदे करण्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला हे शेपूट फार ओळखीचे वाटते. ते किती लांब असू द्यावे, हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो अमेरिकेतील एका निकालामुळे.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथील संगीत समारंभावर एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार केला. त्याने ‘बंप स्टॉक’ नावाचा जोड-दस्ता वापरला होता. या दस्त्यामुळे बंदूक धक्क्याने मागे-पुढे सरकते, बोट स्थिर राहते आणि चाप त्यावर पुनःपुन्हा आदळतो. साधी अर्धस्वयंचलित बंदूक त्यामुळे जवळजवळ मशीनगनच्या वेगाने चालते. तेथील शस्त्रनियंत्रण खात्याने आधीची अनेक वर्षे अशा दस्त्यांना मशीनगन मानले नव्हते. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने मत बदलले आणि मालकांना नव्वद दिवसांत ते नष्ट करण्यास किंवा जमा करण्यास फर्मावले. टेक्सासमधील मायकेल कारगिल या दुकानदाराने आपले दोन दस्ते जमा केले आणि शासनाविरुद्ध दावा लावला.

१४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. १९३४ च्या कायद्यातील शब्द होते ‘चापाच्या एका क्रियेने’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या सुटणे. येथे प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने हलतो, सबब ती मशीनगन नव्हे, असे न्यायमूर्ती थॉमस यांनी आकृत्या काढून दाखविले. न्यायमूर्ती अ‍ॅलिटो यांनी सहमती देताना जोडले की, कायदा बदलण्याचा मार्ग काँग्रेसला मोकळा आहे. न्यायमूर्ती सोटोमायर यांचा विरोधी निकाल मला वाचकाच्या नात्याने अधिक पटतो. अधिकाऱ्याच्या नात्याने मात्र बहुमताचा युक्तिवाद खोडणे मला जड जाते. दहा वर्षे ‘नाही’ म्हणून सांगितलेली गोष्ट एका सकाळी ‘होय’ झाली, तर नागरिकाने कोणत्या पत्रावर विसंबावे?

(न्यायालय सर्वच नियमांवर रुष्ट आहे, असे मात्र नव्हे. मार्च २०२५ मध्ये त्याने सुट्या भागांच्या संचांवरील नियम सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला.)

आपल्या कायद्याने असा दस्ता पकडता येईल का? ‘दाब काढेपर्यंत’ हे शब्द काटेकोरपणे वाचले, तर आपल्याकडेही तोच वाद उद्भवेल, कारण दाब दर गोळीमागे निघतच असतो. पण आपल्याजवळ शेपूट आहे. शिवाय गोळीचा आवाज वा झोत कमी करणारी उपकरणे १९५९ मध्ये संसदेने स्वतःच ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या अर्थात घातली. सायलेन्सरसाठी कोणत्याही खात्याला कल्पनाशक्ती वापरावी लागत नाही.

शेपटांची ही परंपरा जुनी आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने हिंदी लोकांना निःशस्त्र केले, असे आपण शाळेत शिकलो. पण गोऱ्यांना दिलेली सूट कायद्याच्या कलमात शोधली तर सापडत नाही. कलम २७ ने गव्हर्नर जनरलना व्यक्तींना किंवा वर्गांना अधिसूचनेने वगळण्याचा अधिकार दिला होता आणि वर्णभेद आला तो त्या अधिकाराखालील नियमांतून. मूळ कायदा कागदावर निष्पक्ष दिसत होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्याआधीच, १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातील एक माजी कारकून, वासुदेव बळवंत फडके, ठरावांच्या पलीकडे गेला होता.

न्यायालयाकडून तेव्हा आशा नव्हती. त्याच १८७८ साली बुऱ्हा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अंमलबजावणीचा अधिकार सोपविणे वैध ठरविले. एखादा कायदा डोंगरी जिल्ह्यांना केव्हा लागू करावा, हे नायब गव्हर्नराने ठरविण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने बहुमताने मनाई केली होती. तो निर्णय उलटला.

स्वतंत्र भारतात वारे फिरले. १८ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हमदर्द दवाखाना खटल्यात जादुई औषधांच्या जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यातील एक शेपूट कापले. कोणत्या रोगांवरील जाहिराती निषिद्ध, हे ठरविताना ‘नियमांत विनिर्दिष्ट केला जाईल असा अन्य कोणताही रोग’ हे शब्द न्यायालयाला दिशाहीन वाटले, कारण निवडीचे तत्त्वच संसदेने सांगितले नव्हते. आणि पाचच दिवसांनी, २३ डिसेंबर १९५९ या तारखेचा, तसेच शेपूट असलेला शस्त्र अधिनियम अस्तित्वात आला! माझ्या मते हे शेपूट टिकण्याजोगे आहे, कारण त्याच्या पुढची यादी दिशा दाखविते. पण उद्या कोणी साध्या दुर्बिणीला प्रतिबंधित शस्त्र ठरवू लागला, तर हमदर्दची आठवण काढावी लागेल.

न्यायालयाचा चिमटा आपल्याकडे बसला तो अधिक घरगुती वस्तूवर. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये अधिसूचना काढून ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याचे, यांत्रिक युक्तीने उघडझाप होणारे चाकू नियंत्रणाखाली आणले. लोकांच्या भाषेत हा ‘बटनदार चाकू’. राजधानीच्या पोलीस ठाण्यांत या अधिसूचनेवर गुन्हे नोंदविणे नित्याचे झाले. पाते मोजायचे, माप लिहायचे, आरोपपत्र तयार! २०२५ मध्ये असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पाते मापात बसत होते. पण अधिसूचना बोलत होती ती निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगण्याविषयी. तसा आरोप आरोपपत्रात नव्हताच. न्यायालयाने कारवाई रद्द केली. चाकूच्या पात्याची मोजणी झाली होती, अधिसूचनेचे वाचन राहून गेले होते.